मुलांचे खोटे दागिने, खेळणी आणि 'लेड-फ्री'चं गौडबंगाल

चिऊची_आई

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. सांभाळून घ्या.

लेक चार वर्षांची. तिला भेट मिळालेल्या एका डब्यात साखळी, ताऱ्याचं पदक, दोन अंगठ्या आणि ब्रेसलेट होतं. पदक दिवसभर तोंडात. परवा नीट पाहिलं तर ताऱ्याच्या दोन टोकांवरचा सोनेरी मुलामा पार उडालाय आणि आतला करडा धातू दिसतोय. डब्यावर 'लेड-फ्री' छापलंय, 'सीई' छापलंय, वयोगट '३+' आहे. बनवणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही.

'लेड-फ्री' या शब्दाला कायद्यात काही अर्थ असतो का? हे खेळणं धरायचं की दागिना? आणि मुलामा गेला म्हणून मी उगाच घाबरते आहे का? पदक सध्या कपाटात सगळ्यात वर आहे, आणि घरात रडारड चालू आहे.

परीक्षानळी

उगाच नाही घाबरलात. पदक कपाटातच राहू द्या. खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी काही वर्षं गेली आहेत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी 'सीई'. ती चांगल्या मालाची मोहर नव्हे. 'आमचा माल युरोपातले नियम पाळतो' असं बनवणारा स्वतःच जाहीर करतो आणि ती अक्षरं छापतो. बहुतेक खेळण्यांना त्यासाठी बाहेरच्या कुणाचा दाखला लागत नाही. त्याच नियमांत बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता देणंही सक्तीचं आहे. म्हणजे तुमच्या डब्यावर अक्षरं आहेत आणि ती छापल्याचा जाब विचारायला माणूस नाही.

'लेड-फ्री'चं म्हणाल तर आकडा नसलेला दावा म्हणजे वजन न सांगता 'माप बरोबर आहे' म्हणण्यासारखं. शिवाय तो फक्त शिशाबद्दल बोलतो. कॅडमियम या दुसऱ्या विषारी धातूबद्दल चकार शब्द नाही. ते प्रकरण मोठं आहे, पुढे येईलच.

आता मुख्य गोष्ट. धातू मोजायच्या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत आणि लोक त्या सर्रास एकमेकींत मिसळतात. पहिली पट्टी विचारते, वस्तूत शिसं एकूण किती आहे? तुकडा कडक आम्लात पूर्ण विरघळवायचा आणि मोजायचं. दुसरी विचारते, मुलाने गिळलं तर बाहेर किती येईल? त्यासाठी पोटातल्या आम्लाची नक्कल करतात: हायड्रोक्लोरिक आम्लाचं ०.०७ मोलर द्रावण, तापमान ३७ अंश, एक तास हलवत ठेवायचं, एक तास स्थिर. द्रावणात जे उतरलं तेवढंच मोजायचं.

आता गंमत बघा. अमेरिकेत मुलांच्या वस्तूंवरच्या रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, आहे. कॅनडात मुलांच्या दागिन्यात शिशाची मर्यादा ९० मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे तेच ९० पीपीएम. आयएसओ ८१२४-३ या आंतरराष्ट्रीय खेळणी-मानकातही शिशापुढे ९०. तीन ठिकाणी ९०. पण पहिल्या दोन ठिकाणी ते एकूण शिसं आहे, एकदा रंगातलं, एकदा दागिन्यातलं, आणि तिसऱ्या ठिकाणी ते आम्लात उतरलेलं शिसं आहे. एखादी वस्तू तिसऱ्या ९० मध्ये आरामात पास होऊन दुसऱ्या ९० मध्ये सपशेल नापास होऊ शकते. '९० पीपीएमच्या आत' अशी जाहिरात दिसली की मी पहिला प्रश्न विचारतो, कुठल्या पट्टीने?

खोडकर_म्हातारा

अहो, आम्ही रंगीत लाकडी गाड्या चघळत वाढलो. शिशाचे सैनिक होते, त्यांची डोकी चावून तुटलेली असायची. सत्तरी गाठली. हल्ली प्रत्येक गोष्टीत विष दिसायला लागलंय. आमच्या वेळी आईला एवढा वेळच नव्हता!

खुसपटे

आजोबा, ज्यांची गाठली नाही ते इथे प्रतिसाद द्यायला येत नाहीत.

डॉक्टरकाका

खुसपटे, जरा हळू. पण मुद्दा बरोबर आहे.

आजोबा, लहान मुलांना रंगातून शिसं बाधतं हे १९०४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. कठड्यांचा आणि भिंतींचा रंग मुलांच्या हाताला लागून पोटात जातो, असं त्यांचं निदान. अमेरिकेने घरगुती रंग आणि खेळण्यांच्या रंगातल्या शिशावर बंधन घातलं १९७८ मध्ये. मधली चौऱ्याहत्तर वर्षं मुलं चघळतच होती. त्या काळात कुणाची बुद्धी किती कमी झाली हे घरोघरी कुणी मोजलं नाही, म्हणून 'काही झालं नाही' असं वाटतं. शिशाची बाधा बहुतेक वेळा दिसतच नाही. मूल थोडं चिडचिडं, थोडं मंद, अभ्यासात मागे. त्याला कोण विषबाधा म्हणणार?

मूल आणि मोठा माणूस यांत आणखी एक फरक. गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या रक्तात साधारण दहावा हिस्सा उतरतो, लहान मुलाच्या जवळपास निम्मा. अंगात लोह कमी असेल तर त्याहून जास्त. जागतिक आरोग्य संघटना शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित मानत नाही.

आता दोन नोंदलेल्या घटना सांगतो. वाचवत नसतील तर पुढचा परिच्छेद सोडा.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात चार वर्षांच्या एका मुलाच्या पोटात नाणं टाकून खेळणी देणाऱ्या यंत्रातलं पदक सापडलं. त्यात ३८.८ टक्के शिसं. रक्तातली पातळी १२३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. पदक काढलं, उपचार झाले, मूल वाचलं. त्यानंतर २००४ मध्ये असल्या यंत्रांतले तब्बल १५ कोटी दागिने परत मागवले गेले. एवढं होऊनही २००६ मध्ये मिनियापोलिसला तशाच चार वर्षांच्या मुलाने हृदयाच्या आकाराचं एक लोंबतं गिळलं. ते बुटांच्या जोडासोबत फुकट आलेल्या ब्रेसलेटचं होतं. उलट्या होत होत्या म्हणून दाखवलं, साधा पोटाचा संसर्ग समजून घरी पाठवलं. पुन्हा आणलं तोवर उशीर झाला होता. रक्तात १८० मायक्रोग्रॅम. मूल दगावलं. ते लोंबतं ९९.१ टक्के शिशाचं होतं, म्हणजे मुलामा दिलेलं निव्वळ शिसंच.

तुलनेसाठी, ज्या पातळीला आज अमेरिकेतली आरोग्य यंत्रणा 'या मुलाकडे लक्ष द्या' म्हणते ती ३.५ आहे. २०२१ पर्यंत ती ५ होती.

चिऊची_आई

डॉक्टर, वाचून हातपाय गार पडले. तिने काही गिळलेलं नाही, मी सगळे तुकडे मोजले. फक्त चोखत होती. तरी रक्त तपासायचं का?

डॉक्टरकाका

तुमच्या डॉक्टरांशी बोला आणि तपासून घ्या, ताई. साधी चाचणी आहे. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळून आकडा फुगू शकतो. तसा चढा आला तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात. घाबरून कुठलं 'शरीरशुद्धी'चं औषध देऊ नका. शिसं बाहेर काढायची औषधं रक्तातली पातळी साधारण ४५ च्या वर गेली तर, तीही दवाखान्यात, देखरेखीखाली देतात. त्याखाली खरा उपाय एकच, जिथून येतंय ते थांबवणं. ते तुम्ही केलंच आहे.

आणि सगळ्यांसाठी: मुलाने धातूची वस्तू गिळल्याचा नुसता संशय असला तरी वाट पाहू नका, एक्स-रे काढा. 'पडून जाईल' हे नाण्याच्या बाबतीत बऱ्याचदा खरं ठरतं. शिशाचा तुकडा जठरात अडकला तर तो तासातासाला विरघळत राहतो.

हिशेबनीस

आकडे आले की राहवत नाही.

समजा पदक ५ ग्रॅमचं आहे. अमेरिकेची सध्याची १०० पीपीएमची मर्यादा पाळली तर त्यात जास्तीत जास्त अर्धा मिलिग्रॅम शिसं असेल. ओरेगॉनच्या पदकासारखं ३८.८ टक्के असेल तर १,९४० मिलिग्रॅम. जवळजवळ चार हजार पट. म्हणजे ही 'थोडी मर्यादा ओलांडली' अशी गोष्टच नाही.

परीक्षानळी, एक शंका. युरोपात शिशाला तीन वेगवेगळे आकडे दिसतात: २, ०.५ आणि २३ मिलिग्रॅम प्रतिकिलो. तिसरा एवढा ढिला का?

परीक्षानळी

छान प्रश्न, आणि याचं उत्तर फार लोकांना माहीत नसतं.

युरोपात खेळण्यातल्या पदार्थाचे तीन गट आहेत. पहिला कोरडा, ठिसूळ, भुकटीसारखा किंवा मळता येणारा: खडू, मळायची माती. दुसरा पातळ किंवा चिकट: बोटांनी लावायचे रंग, स्लाइम, साबणाचे फुगे. तिसरा खरवडून निघणारा: धातू, लाकूड, प्लॅस्टिक, वर दिलेला रंग. मूल यातलं रोज किती खाईल याचा अंदाज धरलाय, पहिलं १०० मिलिग्रॅम, दुसरं ४००, तिसरं फक्त ८. आता गुणाकार करा.

हिशेबनीस

२ गुणिले १०० म्हणजे ०.२ मायक्रोग्रॅम. ०.५ गुणिले ४००, पुन्हा ०.२. आणि २३ गुणिले ८ म्हणजे ०.१८४. अरेच्चा! तिन्हीकडे पोटात जाणारं शिसं तेवढंच, दिवसाला पाव मायक्रोग्रॅमहून कमी.

परीक्षानळी

बरोबर. आकडा ढिला नाही, खाण्याचा अंदाज लहान आहे. हे आकडे आधी १३.५, ३.४ आणि १६० होते. ऑक्टोबर २०१८ पासून साधारण सातपट कडक झाले. पण त्या ८ मिलिग्रॅममध्ये मेख आहे. तो अंदाज खरवडणाऱ्या मुलाचा आहे. अख्खं पदक गिळणाऱ्या मुलाचा नाही. म्हणून धातूच्या दागिन्याला नुसती दुसरी पट्टी पुरत नाही, एकूण धातूचीही मर्यादा लागते.

खुसपटे

मग ताईंचा मूळ प्रश्न राहिलाच की. खेळणं की दागिना? मला तर वाटतं यातच सगळी पळवाट आहे.

परीक्षानळी

पळवाट नाही म्हणता येणार, पण फट आहे खरी.

युरोपाच्या २००९ च्या खेळणी निर्देशात 'ही खेळणी नव्हेत' अशा वस्तूंची एक यादी आहे. खेळायला नसलेली मुलांची आभूषणं त्यात आहेत. म्हणजे बाहुलीच्या खेळासोबत आलेला प्लॅस्टिकचा मुकुट खेळणं, आणि चार वर्षांच्या मुलीने मिरवायला घातलेली साखळी दागिना. दागिना झाला की तो रसायनांच्या सर्वसाधारण नियमावलीत जातो, तिचं नाव रीच. तिथे दागिन्याच्या प्रत्येक भागात शिसं ०.०५ टक्के, म्हणजे ५०० पीपीएमपर्यंत चालतं. कॅडमियम ०.०१ टक्के, १०० पीपीएम. कॅडमियमचा नियम डिसेंबर २०११ पासून आहे, शिशाचा ऑक्टोबर २०१३ पासून.

अमेरिकेत उलट विचार केलाय. तिथे २००८ च्या कायद्याने 'मुलांची वस्तू' हा एकच मोठा गट केला, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेलं सगळं. खेळणं असो, दागिना असो, दप्तर असो. शिसं आधी ६०० पीपीएम, मग ३००, आणि ऑगस्ट २०११ पासून १००. बाहेरच्या प्रयोगशाळेची चाचणी सक्तीची. वस्तूवर माग काढता येईल अशी खूण सक्तीची.

म्हणजे शिशाच्या बाबतीत युरोपाचा दागिन्याचा नियम पाचपट सैल, असं वाटेल. पण तो मोठ्यांच्या दागिन्यांनाही लागू आहे. अमेरिकेचा नाही. आता सांगा, चार वर्षांची मुलगी आईच्या पेटीतला हार चावत बसते तेव्हा कुणाचा कायदा चांगला?

चिऊची_आई

ती माझंही ब्रेसलेट चावते. 🙈

सहज_वाचक

वाचनखूण साठवली. भारतात काय आहे?

परीक्षानळी

खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० चा, लागू १ जानेवारी २०२१ पासून. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचं. धातूंची चाचणी आयएस ९८७३ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे, जो वर सांगितलेल्या आयएसओ मानकावर बेतलाय. म्हणजे दुसरी पट्टी, आम्लात उतरणारी. आठ मूलद्रव्यं: शिसं ९०, कॅडमियम ७५, आर्सेनिक २५, पारा ६०, क्रोमियम ६०, अँटिमनी ६०, बेरियम १०००, सेलेनियम ५००, सगळं मिलिग्रॅम प्रतिकिलोमध्ये. नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना सूट आहे. हा आदेश खेळण्यांचा आहे, हे लक्षात घ्या. खुसपट्यांची फट इथेही तीच.

ओतारी

नमस्कार मंडळी. मी दुसऱ्या बाजूचा माणूस. नकली दागिन्यांचं ओतकाम करतो, वडीलही हेच करायचे. त्यामुळे जरा धीर करून लिहितोय.

लोकांना वाटतं कारखानदार मुद्दाम विष घालतात. शिसं घालण्यामागचं खरं कारण साचा आहे. आमचे साचे रबराचे, गोल फिरवून ओतायचे. रबर फार उष्णता सोसत नाही. शिसं ३२७ अंशाला वितळतं, साच्यात पाण्यासारखं पळतं, बारीक नक्षी सुरेख उठते. वजन चांगलं येतं, हातात घेतल्यावर 'माल' वाटतो. आणि भंगारात मुबलक. कथील २३२ ला वितळतं, त्याहून सोपं काम, पण महाग. जस्ताचा मिश्रधातू त्या मानाने स्वस्त, पण जस्त वितळायला ४२० लागतात. साचे लवकर जळतात, बारीक काम बिघडतं, यंत्र बदलावं लागतं.

आता २००८ नंतर काय झालं ते ऐका. गिऱ्हाईक म्हणालं, शिसं नको, दाखला हवा. बाजारात मग कॅडमियम आलं. कॅडमियम ३२१ अंशाला वितळतं. शिशापेक्षा फक्त सहा अंश कमी! तोच साचा, तीच भट्टी, तोच हात. चमक उलट जास्त. आणि कागदावर 'शिसं: नाही'. खोटं एका अक्षराचं नाही.

आमच्याकडे मी तो माल घेतला नाही. साधू आहे म्हणून नव्हे. कॅडमियमची वाफ छातीत गेली तर ओतणाराच आधी मरतो, हे वडिलांनी बजावलं होतं.

परीक्षानळी

ओतारीदादा, साष्टांग! सहा अंशांचा हा हिशेब मी इतक्या सरळ शब्दांत कधी ऐकला नव्हता.

याला पुरावाही आहे. जानेवारी २०१० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मुलांचे स्वस्त दागिने तपासून घेतले. काहींत वजनाच्या ९१ टक्क्यांपर्यंत कॅडमियम निघालं. शिशाच्या नियमाला ते दिसतच नव्हतं! त्याच वर्षी जूनमध्ये मॅकडोनाल्ड्सने 'श्रेक'चे १ कोटी २० लाख काचेचे पेले परत मागवले, चित्राच्या रंगात कॅडमियम होतं म्हणून. मग २०११ मध्ये अमेरिकेत मुलांच्या दागिन्यांचं स्वतंत्र मानक आलं, एएसटीएम एफ २९२३. कॅडमियम ३०० पीपीएमच्या वर गेलं की आम्लाची चाचणी, आणि गिळता येईल अशा तुकड्यातून २४ तासांत २०० मायक्रोग्रॅमहून जास्त उतरता कामा नये.

शिशाच्या भंगाराबद्दलही दादा बरोबर बोलले. ओरेगॉनच्या पदकात शिशाबरोबर ३.६ टक्के अँटिमनी होतं. शिसं कडक करायला बॅटरीच्या पट्ट्यांत अँटिमनी घालतात. अमेरिकेतल्या अॅशलँड विद्यापीठाचे रसायनतज्ज्ञ जेफ्री वाइडेनहॅमर यांनी असल्या दागिन्यांचं पृथक्करण करून दाखवलं, की जुन्या बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातलं सोल्डर इथे आलेलं असू शकतं. मोटारीतून काढलेलं शिसं मुलाच्या गळ्यात.

खोडकर_म्हातारा

आता मात्र माझी बोलती बंद. ओतारीबुवा, शिसं घरच्या घरी ओळखायची काही खूण? लहानपणी आम्ही कागदावर घासून पाहायचो, पेन्सिलीसारखी रेघ उठायची.

ओतारी

उठते. शिसं मऊ, कागदावर करडी रेघ सोडतं. जुने लोक त्यानेच लिहायचे. पण मुलामा असला तर रेघ कुठून उठणार? आणि कॅडमियम तसं ओळखू येत नाही. रेघ उठली तर फेकून द्या. नाही उठली तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

खुसपटे

अवांतर: शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. ज्यात नाही त्याच्या नावात 'शिस' आणि ज्यात आहे त्याच्यावर 'लेड-फ्री'. भाषा पण काय एकेक.

हिशेबनीस

खुसपटे +१. आज पहिल्यांदा.

बाजारात रंग बदलणाऱ्या काड्या मिळतात त्यांचं काय? घासली, लाल झाली की शिसं.

परीक्षानळी

नको. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २००७ मध्ये असले घरगुती संच तपासले. १०४ निकालांपैकी ५६ मध्ये शिसं असूनही काडीने 'नाही' सांगितलं. नाणं उडवलं तरी याहून बरं.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे एक्स-रे फ्लोरेसन्सचं हातातलं यंत्र, एक्सआरएफ. भंगार वेगळं करणारे, धातूचा व्यापार करणारे वापरतात. वस्तू मोडावी लागत नाही, मिनिटभरात आकडा येतो. पण ते वरचा थर आणि आतला धातू मिळून वाचतं, त्यामुळे जाड मुलाम्याने फसतं. जिथे मुलामा उडालाय तिथे धरायचं. आणि प्रत्येक भाग वेगळा तपासायचा. साखळी, कडी, अडकवणी, खडा, सगळं.

मुलाम्याबद्दल ताईंनी विचारलं होतं ना? अमेरिकेच्या कायद्यात एक वाक्य मला फार आवडतं: रंग, लेप किंवा विजेने चढवलेला मुलामा याला अडसर मानायचं नाही. 'आत शिसं आहे पण वर निकेलचा थर आहे, मुलाला लागणार नाही' ही सबब चालतच नाही. ते बरोबरच आहे. वाइडेनहॅमर यांच्याच २०११ च्या अभ्यासात कॅडमियमचे दागिने मुद्दाम ओरखडून आम्लात ठेवले, तर काहींतून धड दागिन्याच्या ३० पटींपर्यंत कॅडमियम उतरलं. सगळ्यात वाईट नमुन्याने २४ तासांत २० मिलिग्रॅमहून जास्त सोडलं. मर्यादा २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे शंभर पट. मुलाचा दात हे ओरखडायचं हत्यारच असतं.

डॉक्टरकाका

कॅडमियमची आणखी एक खोड. शिसं काही आठवड्यांत रक्तातून कमी होतं, हाडात मात्र जाऊन बसतं. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि तिथून निम्मं व्हायला १० ते ३० वर्षं लागतात. चार वर्षांच्या मुलीने चोखलेलं तिशीत अंगात असू शकतं. शिवाय ते कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. एकदा गेलं की काढायला चांगलं औषध नाही.

निकेलचा कुणी उल्लेख केला नाही म्हणून ओझरतं सांगतो. ते पोटापेक्षा कातडीचं प्रकरण. कान टोचल्यावर पहिलं कानातलं निकेल सोडणारं असेल तर कायमची अॅलर्जी लागू शकते. युरोपात टोचलेल्या भोकात जाणाऱ्या तारेला म्हणूनच इतर दागिन्यांपेक्षा कडक मर्यादा आहे.

लिंबूटिंबू

मग मुलांना घालायचं तरी काय? सगळंच बंद?

परीक्षानळी

तसं नाही. अमेरिकेत शिशाच्या चाचणीतून काही पदार्थांना सूटच आहे, कारण त्यांत ते मर्यादेवर असण्याची शक्यता नाही. शस्त्रक्रियेच्या दर्जाचं पोलाद, १० कॅरेट आणि वरचं सोनं, ९२५ ची चांदी, लाकूड, सुती कापड आणि धागा. लक्ष ठेवायचं ते नक्षीदार ओतीव तुकड्यांवर, चकचकीत खड्यांवर आणि मऊ प्लॅस्टिकच्या दोरीवर. पीव्हीसी टिकाऊ करायला शिशाची किंवा कॅडमियमची संयुगं वापरायची जुनी पद्धत आहे. खेळण्यांत भडक पिवळा, केशरी, लाल रंग बघून घ्या. लेड क्रोमेट आणि कॅडमियमचे रंग याच छटांचे.

खड्यांवरून दोन कायद्यांचं भांडण गमतीचं आहे. स्फटिक काचेत चमक येते ती शिशामुळे. युरोपाने दागिन्याच्या नियमातून स्फटिक काचेला सूट दिली, शिसं काचेत घट्ट बांधलेलं असतं म्हणून. अमेरिकेकडे हीच सूट २००९ मध्ये मागितली, आयोगाने नाकारली. कायद्यात एकूण शिशाचा आकडा आहे, तो ओलांडलाय, विषय संपला. पहिली पट्टी आणि दुसरी पट्टी, पुन्हा तेच.

जुन्या वस्तूंबद्दल एक. २०११ च्या दुरुस्तीने अमेरिकेत मुलांच्या वापरलेल्या वस्तूंना शिशाच्या मर्यादेतून बऱ्यापैकी सूट मिळाली, नाहीतर जुने कपडे-पुस्तकं विकणंही अवघड झालं असतं. पण मुलांचे धातूचे दागिने त्या सवलतीतून वगळले. बाकी कशावर नसेल एवढा अविश्वास याच एका वस्तूवर दाखवलाय.

चिऊची_आई

मंडळी, नऊ दिवसांनी येते आहे. रक्ताचा आकडा १.८ आला. डॉक्टर म्हणाले काळजी नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू.

नात्यातल्या एकाचं धातूच्या भंगाराचं काम आहे, त्याच्याकडे ते एक्सआरएफ निघालं. परीक्षानळींनी सांगितलं तसं मुलामा उडालेल्या टोकावर धरलं. तारा जस्ताचा निघाला! शिसं, कॅडमियम दोन्ही नगण्य. मी एवढी त्याच्यावर खार खाऊन होते. अंगठ्याही ठीक. पण साखळीच्या टोकाची अडकवणी, जिच्याकडे मी बघितलंही नव्हतं, तिच्यात २.४ टक्के शिसं. यंत्र चुकलं असेल का? रंग तर पिवळा पितळेसारखा आहे.

ओतारी

यंत्र बरोबर आहे, ताई. ते पितळच. कातून घडवायच्या पितळेत दोन-तीन टक्के शिसं मुद्दाम असतं, त्याने चुरा बारीक पडतो आणि हत्यार टिकतं. नळाच्या तोट्या, कड्या, स्क्रू, सगळीकडे तेच पितळ. साखळी करणारा अडकवण्या पोत्याने आयत्या विकत घेतो. पदकाचा दाखला खरा असेल, अडकवणीचा कुणी मागितलाच नसेल.

हिशेबनीस

२.४ टक्के म्हणजे २४,००० पीपीएम. १०० च्या २४० पट. लेड-फ्री.

परीक्षानळी

म्हणूनच युरोपाच्या नियमात 'दागिन्याचा प्रत्येक भाग' असे शब्द आहेत. सगळा दागिना एकत्र वितळवून मोजला तर जस्ताच्या वजनात ही कडी लपून जाते. साखळीसकट टाकून द्या. आणि टाकताना सरळ मोडून टाका, नाहीतर फिरून कुणाच्या तरी मुलाच्या गळ्यात जाईल.

चिऊची_आई

साखळी गेली. तारा मात्र मागून मागून डोकं खाल्लं, म्हणून सुती दोऱ्यात ओवून दिला.

डॉक्टरकाका

ताई, गळ्यात दोरा नको. झोपेत तर मुळीच नको. फास बसतो.

चिऊची_आई

नाही हो डॉक्टर, तिच्या नाही, बाहुलीच्या गळ्यात बांधलाय. ती खूश, मी खूश.

खुसपटे

आणि बाहुली कोण चावतं?

चिऊची_आई

...काढते.